प्रश्न वाचकांचे : गव्हाणी घुबड नक्की खाते काय?

मागच्या अंकात बडोद्याच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या गव्हाणी घुबडावर एक छोटे टिपण छापले होते. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा असलेले हे घुबड माणसाच्या आसऱ्याने राहते आणि मुख्यतः उंदीर खाते, एवढाच त्याचा गाभा होता. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे : ‘मुख्यतः उंदीर’ एवढ्याने भागत नाही. कोणता उंदीर, कुठे, किती, आणि उंदीर नसतील तेव्हा काय? वाचकांचे म्हणणे रास्त आहे. या घुबडाचे खाणे गावागणिक बदलते, आणि ते आपल्याला घरबसल्या तपासता येते.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या वरच्या माळ्यावर पांढऱ्या तोंडाच्या घुबडांची जोडी आहे. खाली अंगठ्याएवढ्या काळसर गोळ्या पडलेल्या असतात. ही विष्ठा आहे का? घरात लहान मुले आहेत, काही धोका? (दांडिया बाजार)

भिंतीवरून ओघळलेले पांढरे डाग दिसतात ती विष्ठा. गोळ्या पोटातून तोंडावाटे बाहेर आलेल्या असतात. घुबड छोटे भक्ष्य अख्खेच्या अख्खे गिळते. पुष्कळ पक्ष्यांना गळ्याशी अन्न साठवायची पिशवी असते, तशी घुबडाला नसते, त्यामुळे घास थेट जठरात जातो. मांस विरघळते, केस, हाडे, दात, किड्यांची कवचे मागे राहतात. ससाणे-शिकऱ्यांच्या तुलनेत घुबडाच्या जठरातले आम्ल सौम्य, म्हणून हाडे जवळजवळ शाबूत राहतात. हा सगळा चोथा केसांच्या आवरणात घट्ट दाबला जातो आणि खाल्ल्यानंतर सहा-एक तासांनी किंवा त्याहून उशिरा बाहेर टाकला जातो. ताजी गोळी काळी, ओलसर आणि व्हार्निश लावल्यासारखी चकचकीत असते. जुनी होईल तशी राखाडी आणि भुसभुशीत होते. लांबी साधारण ३ ते ६ सेंटीमीटर.

एक घुबड दिवसाकाठी एक-दोन गोळ्या टाकते. पैकी एखादी रात्री बाहेरच, शिकारीच्या जागी पडते. तेव्हा माळ्याखाली दिसतो तो हिशेब अर्धामुर्धाच, हे लक्षात ठेवा.

धोका आहे, पण तो गोळ्या हाताळण्याच्या पद्धतीत आहे. उंदरांचे रोगजंतू वाळलेल्या धुळीतून नाकात जाऊ शकतात, म्हणून कोरड्या गोळ्या झाडूने कधीच लोटू नयेत. आधी पाणी शिंपडावे, हातमोजे आणि मास्क लावून गोळ्या उचलाव्यात, नंतर फरशी पुसून घ्यावी. मुलांना त्या परस्पर हाताळू देऊ नका. आणि घुबड बसते तिथली जागा चढून जाऊन साफ करायच्या भानगडीत पडू नका. हा पक्षी काड्यांचे घरटे बांधत नाही, फुटलेल्या गोळ्यांच्या थरावरच अंडी घालतो. वरून फुसफुस किंवा घोरल्यासारखा आवाज येत असेल तर पिल्ले आहेत असे समजा आणि तिकडे फिरकू नका. खाली जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलायला हरकत नाही.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना या गोळ्या उकलून दाखवायच्या आहेत. नेमके कसे करावे, आणि कवटी कोणाची हे ओळखायचे कसे? (कारेलीबाग)

याला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची किल्ली इथेच आहे.

गोळ्या कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. पाकिटावर जागा आणि तारीख न चुकता लिहा, कारण तारखेविना गोळीला निम्मीच किंमत. पंधरा दिवस गोळ्या तशाच राहिल्या तर पतंगाच्या अळ्या त्यातले केस खातात, गोळी विस्कटते आणि एका गोळीतले हाड दुसरीत मिसळते. शाळेत नेण्याआधी प्रत्येक गोळी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सियसला ४० मिनिटे ठेवावी. नुसते फ्रीजरमध्ये ठेवल्याने अळ्या मरतात, सगळे जंतू मरत नाहीत.

मग एकेक गोळी वेगळ्या वाटीत कोमट पाण्यात तासभर भिजवा. घाई करून कोरडी गोळी फोडली की नाजूक जबडे तुटतात आणि दात गळून पडतात. मुलांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. भिजल्यावर चिमटा आणि बोथट सुई घेऊन कडेपासून केस सोडवत आत जायचे. कवटी दिसली की ती ओढायची नाही, भोवतालचे केस आधी काढायचे. उरलेला गाळ चहाच्या गाळणीत धुवून घ्या, सुटे दात तिथे सापडतात. हाडे पांढरी करायची असतील तर केमिस्टकडे मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही तास ठेवा. ब्लीचिंग पावडर वापरू नका, त्याने हाड पिठासारखे होते.

आता ओळख. पहिला सवाल एकच : पुढचे दात आणि दाढा यांच्यात मोकळी जागा आहे का? मोकळी जागा असेल, पुढे वर दोन आणि खाली दोन वाकडे लांब दात असतील आणि मागे प्रत्येक बाजूला तीन दाढा असतील, तर तो उंदीर. दातांची रांग टोकदार आणि सलग असेल, कवटी लांबुळकी आणि निमुळती असेल, गालाचे हाड नसेल, तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदराची कोणी लागत नाही. ती कीटक खाणारी आहे आणि तिचे दात तेच सांगतात. आपल्याकडच्या चिचुंद्रीचे दात पांढरे असतात. इंग्रजी पुस्तकात दातांची टोके लाल दाखवली असतील तर ती तिकडची जात, गोंधळू नका.

उंदीर ठरला की भिंग घ्या आणि वरचे दोन पुढचे दात उजेडात तिरके धरा. प्रत्येक दातावर उभी खाच, पन्हळ कोरल्यासारखी, दिसली आणि कवटीच्या मागच्या बाजूला कानाचे दोन मोठे फुगीर गोलक असले, तर तो जर्बिल : उघड्या माळरानावरचा, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला. खाच आहे पण गोलक लहान आहेत, तर झुडपी गवतातला उंदीर असण्याची शक्यता धरा. खाच नाही आणि कवटी जेमतेम दोन सेंटीमीटर, तर पिटुकला शेतउंदीर किंवा घरातला लहान उंदीर. यातल्या घरच्या उंदराचा वरचा दात बाजूने पाहिला तर टोकाशी पायरीसारखा कातरलेला असतो. कवटी रुंद, जाडजूड आणि दाढा मोठ्या असतील तर लहान घूस.

दात अजिबात नसून चोच असेल तर पक्षी. सुळे आणि काडीसारखी लांबच लांब हाताची हाडे असतील तर वटवाघूळ. बेडकाची कवटी सहसा तुटलेली मिळते, पण त्याच्या मांडीखालचे हाड दोन हाडे जुळून झालेले असते आणि कंबरेची हाडे लांब दांड्यासारखी असतात. एकदा पाहिले की विसरत नाही. शंका राहिलीच तर कवटी कापसात ठेवून विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या जाणकारांना दाखवा.

प्रश्न : एका गोळीत खूप हाडे निघतात. ‘इतके प्राणी’ असे मोजायचे कसे? (कारेलीबागेतलेच दुसरे पत्र)

कवट्या मोजा. खालच्या जबड्याचे डावे भाग मोजा, उजवे भाग मोजा. या तिन्हींत जो आकडा सर्वांत मोठा, तेवढे प्राणी. बरगड्या आणि मणके मोजण्यात वेळ दवडू नका. मोठा उंदीर घुबड फाडून खाते, मग डोके एका गोळीत आणि मागचे पाय दुसऱ्या गोळीत जातात. म्हणून मोठ्या भक्ष्यांचा हिशेब गोळीगणिक न करता त्या दिवशीच्या सगळ्या गोळ्या एकत्र धरून करावा.

पण नुसत्या संख्येवर थांबू नका, फसगत होते. उदाहरणादाखल धरा की महिन्याभराच्या गोळ्यांत ३० पिटुकले शेतउंदीर, १० चिचुंद्र्या आणि ५ घुशीची पिल्ले निघाली. संख्येने शेतउंदीर दोन तृतीयांश. आता वजन लावा : शेतउंदीर १० ग्रॅमचा धरला तर ३०० ग्रॅम, चिचुंद्री ३५ ग्रॅमची धरली तर ३५० ग्रॅम, घुशीचे पिल्लू १०० ग्रॅमचे धरले तर ५०० ग्रॅम. एकूण ११५० ग्रॅमपैकी घुशी ४३ टक्के आणि शेतउंदीर अवघे २६ टक्के. घुबडाचे पोट कशावर भरते हे दुसरा हिशेब सांगतो, शेतात काय सुळसुळते आहे हे पहिला. दोन्ही लिहून ठेवावेत.

प्रश्न : डभोईच्या बाजूला आमची भात आणि कपाशीची शेती आहे, थोडी तूरही असते. उंदरांचा त्रास फार. घुबडासाठी पेटी लावली तर उपयोग होईल का? एक घुबड वर्षाला किती उंदीर मारते? (मांजलपूर)

आकड्यापासून सुरुवात करू, कारण याबाबत वाटेल ते आकडे फिरत असतात. एका प्रौढ घुबडाला रात्रीला साधारण ८० ते १०० ग्रॅम अन्न लागते, म्हणजे वर्षाला तीस-पस्तीस किलो. आता भक्ष्य केवढे त्यावर संख्या ठरते. सरासरी ५० ग्रॅमचा उंदीर धरला तर सहाशे-सातशे, लहान शेतउंदरांवर भागवत असेल तर त्याच्या काही पट. घरट्यात पाच पिल्ले महिन्याभराची झाली की तेवढे दिवस रोजची गरज अर्ध्या किलोच्या वर जाते. तेव्हाच घुबडाचा खरा उपयोग होतो.

भातशेतीच्या मुलखात त्याच्या गोळ्यांत लहान घूस, मऊ केसांचा शेतउंदीर आणि पिटुकला शेतउंदीर हे तिघे ठळक असतात. कोरडवाहू, उघड्या, रेताड जमिनीकडे सरकले की जर्बिल वाढतो. यात एक मर्यादा मात्र समजून घ्या. घुबडाचे स्वतःचे वजन तीनशे-चारशे ग्रॅमच्या घरातले. दीडशे ग्रॅमपर्यंतचा उंदीर ते आरामात उचलते. अडीचशे-तीनशे ग्रॅमची पूर्ण वाढलेली लहान घूस त्याला जड जाते, म्हणून गोळ्यांत बहुतेक अर्धवट वाढलेल्या घुशी सापडतात. शहरातली गटारातली मोठी घूस तर किलोभर वजनाला जाते, तिला हे घुबड हात लावत नाही. तिच्यासाठी पिंजराच लावावा लागेल.

दुसरी अडचण पिकाची. हे घुबड कानाने शिकार करते. त्याच्या दोन कानांची भोके वरखाली असतात, त्यामुळे आवाज कुठून आणि किती उंचीवरून आला हे त्याला मिट्ट काळोखातही कळते. पण कळून उपयोग काय, झडप घालायला जमीन मोकळी हवी. कपाशी किंवा तूर दाटून एकमेकांत गेली की खाली उंदीर मोकाट असतात आणि वरून घुबड रिकाम्या पायांनी जाते. अशा दिवसांत ते बांध, कालव्याचा काठ, गाडीवाट, खळे इथे शिकार करते. भात कापल्यावर त्याच शेतात त्याची चंगळ होते. म्हणून बांध पेटवून बोडका करू नका. बांधाच्या कडेने ‘टी’ आकाराचे लाकडी अड्डे रोवा, पिकाच्या माथ्यापेक्षा दोन-तीन हात उंच. वरची आडवी काठी मनगटाएवढी जाड असावी. बारीक काठीवर घुबड टिकत नाही.

पेटीचे माप : तळ साधारण ६० × ४५ सेंटीमीटर, दार १२ ते १५ सेंटीमीटर रुंद. आणि सर्वांत महत्त्वाचे, दाराच्या खालच्या कडेपासून पेटीचा तळ निदान ४५ सेंटीमीटर खोल. दार तळाशी ठेवलेल्या पेट्या पुष्कळ दिसतात; त्यातून पिल्ले उडता येण्याआधीच बाहेर पडतात. जमिनीपासून चार-पाच मीटर उंची ठेवा, शेडच्या आतल्या बाजूला किंवा दाट सावलीत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याची पेटी उन्हात टांगली तर पिल्ले भाजून मरतील. लाकूड किंवा जाड प्लायवूड वापरा, तळाला पाणी निथळायला भोके पाडा, दार पश्चिमेला करू नका.

आणि विष. घुबड बोलावायचे आणि शेतात ब्रोमॅडिओलोन टाकायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, रक्त न गोठल्याने चार-सहा दिवसांत सुस्तावत मरतो. तो मंद झालेला उंदीर घुबडाला आयता मिळतो आणि विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. झिंक फॉस्फाइडमुळे घुबडाला होणारा धोका त्यामानाने कमी, पण माणसाला आणि जनावरांना ते फार घातक आहे, त्यावर उतारा नाही. वापरणे भागच पडले तर संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळे. दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवून उंदरांना सवय लावा, मग ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड असे आमिष १० ग्रॅमच्या कागदी पुडीत बिळात खोल सारून बीळ बंद करा. मेलेले उंदीर गोळा करून पुरा. आमचे मत विचाराल तर पेटीच्या आसपास पिंजरे आणि बिळे खणणे यावरच भागवावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत घुबड आले आहे. ते कबुतरे कमी करील का? शेजाऱ्यांना पाळलेल्या पोपटाची काळजी आहे. (गोत्री)

कबुतरांच्या बाबतीत फार आशा धरू नका. प्रौढ कबूतर जवळपास घुबडाच्याच वजनाचे असते. कधीमधी कबुतराचे पिल्लू, झाडावर झोपलेली चिमणी किंवा बुलबुल घुबड नेते, एवढेच. पक्ष्यांचा वाटा एरवी नगण्य असतो आणि उंदीर दुर्मीळ झाले की वाढतो. शहराच्या मध्यभागी खरी भरती चिचुंद्रीची असते, कारण ती रात्री भिंतीच्या कडेने चिकचिक करत फिरते आणि घुबड आवाजावरच जाते. कुत्री-मांजरे चिचुंद्रीचा उग्र वास आला की तोंड फिरवतात. घुबडाला तिचे वावडे नाही. विश्वामित्री नदीच्या कोतरांतले (घळींतले) झुडपी रान आणि गवत जवळ असेल तर शहरात राहणाऱ्या घुबडाच्या गोळ्यांतही शेतउंदीर दिसतात, कारण घरट्यापासून एक-दीड किलोमीटरची रपेट त्याला रोजची आहे. पोपटाबद्दल म्हणाल तर आपल्या देशी जातीचे पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना आधी सांगावे.

प्रश्न : भाचा इंग्लंडमध्ये असतो. तो म्हणतो तिकडे हेच घुबड ‘व्होल’ नावाचा प्राणी खाते, उंदीर फारसे नाही. पक्षी एक आणि खाणे वेगळे, असे कसे? (अलकापुरी)

भाचा बरोबर सांगतो. व्होल हा आखूड शेपटीचा, बारीक कानांचा, वीस-तीस ग्रॅमचा गवताळ कुरणातला कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी. ब्रिटनमध्ये घुबडाच्या गोळ्यांत तो पहिला, मग तिकडची छोटी चिचुंद्री आणि रानउंदीर. कुरणातल्या व्होलांची संख्या तीन-चार वर्षांच्या चक्राने चढते-उतरते, आणि घुबडांची पिल्ले त्याच तालात कमी-जास्त होतात. आपल्याकडे व्होलची जागा शेतउंदरांनी घेतली आहे.

खुद्द ब्रिटनशेजारच्या आयर्लंडमध्ये हे कुरणी व्होल नाहीत, म्हणून तिथले घुबड रानउंदीर आणि मोठ्या उंदरांवर जगत आले. २००७ मध्ये तिथे घुबड आणि खरूची (एक छोटा ससाणा) यांच्या गोळ्यांत एक अनोळखी कवटी निघाली. ती होती पांढऱ्या दातांच्या मोठ्या चिचुंद्रीची. हा प्राणी आयर्लंडमध्ये आहे हे तोवर कोणालाच माहीत नव्हते. देशात नवा सस्तन प्राणी शिरल्याची वर्दी पहिल्यांदा पक्ष्याच्या गोळीने दिली.

मलेशियात तेलपामच्या मळ्यांत गवत नाही, व्होल नाही, चिचुंद्रीही कमी. तिथे हे घुबड जवळजवळ निव्वळ उंदीर खाते आणि १९८० च्या दशकापासून मळेवाल्यांनी त्याच्यासाठी मोठ्या प्रमाणावर पेट्या लावल्या. इस्राएलमध्ये १९८३ पासून स्दे एलियाहू या किबुत्झच्या (सामूहिक शेती करणाऱ्या वसाहतीच्या) शेतात असेच काम सुरू झाले, तिथले भक्ष्य पुन्हा व्होल. ऑस्ट्रेलियात घरउंदरांची साथ आली की घुबडे भराभर वाढतात आणि उंदीर ओसरले की शेकड्यांनी उपाशी मरतात.

कोरड्या मुलखाचे उदाहरण आपल्या गुजरातेतच आहे. कच्छच्या बाजूला वाळवंटी जर्बिल उदंड, पण तो दिवसा बिळाबाहेर पडणारा. त्याच मुलखातला दुसरा जर्बिल रात्री फिरतो. घुबडाच्या वाट्याला येतो तो हा रात्रीचा. म्हणजे परिसरात काय आहे एवढ्यावर ताट ठरत नाही. ते रात्री, उघड्यावर, जमिनीवर आणि पेलेल अशा वजनात मिळायला हवे.

बेटांवर हाच नियम उलटा फिरला. हवाईत १९५८ मध्ये उसातले उंदीर मारायला ही घुबडे मुद्दाम नेऊन सोडली, सेशेल्समध्ये १९४९ च्या सुमारास. दोन्हीकडे त्यांना जमिनीवर किंवा उघड्या फांदीवर बसणारे, रात्री ढिम्म न हलणारे समुद्रपक्षी सापडले. सेशेल्समध्ये पांढऱ्या सुरयांवर इतकी गदा आली की घुबड मारणाऱ्याला बक्षीस लावावे लागले. घुबडाला बोलावण्याआधी तिथे आणखी काय जगते ते पाहावे लागते. आपल्या मुख्य भूमीवर तो इथलाच पक्षी आहे, त्याचे भक्ष्यही त्याच्यासोबत वाढलेले, म्हणून ही भीती नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गोळ्या दिसेनाशा होतात. घुबड तेव्हा काय खाते? (वाडी)

गोळ्या भिजून विरघळतात, हे एक कारण. दुसरे, खाणे खरोखरच कमी होते. घुबडाची पिसे आवाज न करणारी, मऊ. ती पाण्याने चटकन भिजतात. मुसळधार पावसात उंदराची खुसपूसही ऐकू येत नाही. बिळांत पाणी शिरले की उंदीर बांधावर आणि घरांकडे येतात, तेवढा एखादा आठवडा चांगला जातो, मग टंचाई. त्या दिवसांत बेडूक, पाल, रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे यांवर निभावते. किड्यांची कवचे गोळीत तपकिरी चकत्यांसारखी दिसतात. फार असतील तर घुबडाचे पोट नीट भरत नाही असे समजा. मात्र काही कवचे बेडकाच्या किंवा चिचुंद्रीच्या पोटातूनही येतात, म्हणून दोन-चार तुकड्यांवरून निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : घुबडाचे पिल्लू खाली पडले. दूध-पाव दिला, खात नाही. काय द्यावे? (रावपुरा)

दूध, पाव, भात, भिजवलेली डाळ यांतले काहीही नको, आणि चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाते. हे घुबड जमिनीवर पडलेल्या पिल्लाला सहसा भरवत नाही, म्हणून ‘आई येईल’ म्हणून तिथेच ठेवणेही चूक. जाड टॉवेलात धरून भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा. जखम नसेल, पाय-पंख सरळ असतील, तर त्याच दिवशी संध्याकाळपूर्वी मूळ जागी वर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पालक टाकून देत नाहीत.

जखम असेल किंवा वर पोचता येत नसेल तर गुजरातेत १९६२ या क्रमांकावर करुणा प्राणी रुग्णवाहिका येते, किंवा वन खात्याला कळवा. रात्रीपुरते भागवायचे झाले तर मीठ-मसाला न लावलेल्या कच्च्या चिकनच्या बारीक पट्ट्या पाण्यात बुडवून चिमट्याने द्या. तेही एक-दोन वेळच. नुसत्या मांसावर पिल्लू चार-सहा दिवस ठेवले तर हाडे वाकतात, कारण निसर्गात कॅल्शियम त्याला उंदराच्या हाडांतून मिळते. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर देण्याआधी आसपास कोणी विष ठेवलेले नाही याची खात्री करा. खात्री नसेल तर देऊ नका. पिल्लू घरी ठेवून वाढवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दिवाळीत अंधश्रद्धेपोटी घुबडांचा बळी दिला जातो; म्हणून त्याआधी कोणी घुबडाची चौकशी करत दारात आले तर पिल्लू कुठे आहे हे त्याला सांगू नका, लगेच वन खात्याला फोन करा.